उलटा उतार

लेकीनं घर बांधायला काढलं आणि काम दिलं बारक्याला.

बारक्याला! बाप कंत्राटदार, उभा जन्म लोकांची घरं बांधण्यात गेलेला, आजही दोन कामं हातात असलेला, आणि पोटच्या पोरीनं काम द्यावं कुणाला, तर ज्याला त्या बापानंच थापी कशी धरायची ते शिकवलं त्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

कंत्राटदाराला सगळे दादा म्हणत. पाठीमागे ओळंबा म्हणत. कारण कुणाकडे चहाला गेले तरी दादा आधी एक डोळा मिटून समोरची भिंत तपासायचे आणि मगच खुर्चीवर टेकायचे. भिंत वाकडी असली तर चहाही त्यांना गोड लागायचा नाही. सरळ असली तर कुणी बांधली ते विचारायचे, आणि उत्तर 'बारकूशेठ' असं आलं की तो चहा कडूच.

लेक स्वतः येऊन सांगून गेली, एवढं मात्र खरं. जावयाला बरोबर घेऊन आली, बापासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुम्ही बांधलंत तर मला तोंड उघडता येणार नाही. खिडकी चुकली, नळ भलतीकडे आला, तर बारकूकाकांना मी चार शब्द सुनावू शकते. तुम्हाला कसं सुनावू?"

"माझी खिडकी चुकेलच कशी?"

"बघा. हेच ते."

जावई पंख्याकडे बघत बसला होता. शहाणा माणूस.

"आणि वरची खोली तुमची आहे," लेक म्हणाली. "तुमची आणि आईची. समोरची सगळी गच्ची तुम्हाला. म्हातारपणी दोन जिने चढून या भाड्याच्या घरात राहायचं नाही तुम्ही."

"त्याच्या हातच्या भिंतीत झोपू मी? डोळा लागेल का माझा?"

"नका झोपू," आतून बायको म्हणाली. "मी झोपेन. भिंतीकडे पाठ करून."

लेक गेल्यावर दादा कितीतरी वेळ अवजारांची पेटी पुढ्यात घेऊन बसले. दोरीला टांगलेला पितळी ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या, दोन हातोडे, तळहाताच्या घट्ट्यात बरोबर बसेल अशी झिजलेल्या मुठीची थापी, आणि तळाशी गुंडाळलेली पाण्याची नळी, जिच्यावर त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी समपातळीत आणल्या. नळी कसली, साधी पारदर्शक रबरी नळी. तिच्यात पाणी भरायचं, एक तोंड इथं धरायचं, दुसरं तिथं. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. पाणी खोटं बोलत नाही, असं दादा प्रत्येक नव्या कारागिराला सांगायचे.

गिऱ्हाइकं त्यांनी हजार पाहिली होती. फोनवर राजवाड्याचे फोटो दाखवून कोंबड्यांच्या खुराड्याएवढी जागा पुढे करणारी. बोटांनी भिंत ठोकून 'आवाज बरोबर येत नाही' म्हणणारी. नवऱ्यानं पिवळा सांगितला म्हणून निळा रंग मागणारी. पण सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं, अगदी पहिल्या दिवशीच: "दादा, स्वतःच्या घरचं समजून करा हं!" जन्मभर त्यांनी परक्यांची घरं घरची समजून बांधली. आणि घरचं घर निघालं तेव्हा ते गेलं परक्याला. पोटात दुखणार नाही तर काय होईल माणसाला?

परका म्हणायचा तरी कसा बारक्याला! हाडांचा सापळा होता दादांकडे आला तेव्हा. सिमेंटची गोणी उचलली की तो कुठं आणि गोणी कुठं ते कळायचं नाही. वीस वर्षं दादांच्या हाताखाली राहिला. एकदा त्यानं बांधलेल्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झाली. घरमालक ठेचकाळला आणि तिथंच उभा राहून शिव्या घालायला लागला. बारक्याचे पाय लटलटत होते. दादा पुढे झाले आणि म्हणाले, "चूक माझी. पायरी फोडून नवी करून देतो." मालक गेल्यावर बारक्याला बाजूला घेऊन त्यांनी धडा दिला. "साइटवर चूक कुणाच्याही हातून होऊ दे, मालकासमोर ती कंत्राटदाराची. आपल्या कारागिराला मालकाच्या तोंडी द्यायचं नाही. ज्याची साइट त्याची चूक." बारक्यानं मान डोलावली, पायरी फोडली आणि पुढं कधी तरी स्वतःचं काम सुरू केलं.

आता अंगानं चांगला पिंपासारखा झाला होता. बारक्याचा बारकूशेठ झाला होता. गिऱ्हाइकं त्याच्याकडे रांग लावायची. आणि त्याच्याकडे ते यंत्र होतं. तीन पायांवर उभं करायचं, बटण दाबायचं की चारी भिंतींवर हिरवी रेघ सळसळत जायची. सरळ म्हणजे इतकी सरळ की बघवत नाही. दादा त्याला खेळणं म्हणायचे. पण खरं सांगायचं तर एकदा ते दुकानात जाऊन ते खेळणं हातात घेऊन बघून आले होते. बटण दाबलं, दुकानदाराच्या भिंतीवर रेघ पडली आणि दुकानदाराची फळी कशी तिरकी आहे ते एका क्षणात दिसलं. दादांनी यंत्र गपकन खाली ठेवलं आणि "डोळे गेलेल्यांसाठी आहे हे" असं म्हणून बाहेर पडले. घरी येईपर्यंत जीव नुसता जळत होता.

घर वर चढत होतं. दादा 'सहज इकडून जात होतो' म्हणत आठवड्यातून तीनदा तिकडून जायचे. चौकटीवरून हात फिरवायचे, भिंतीला गाल लावून बघायचे, खिशातून ओळंबा काढून सोडायचे. चूक सापडेना. एक टवका नाही, एक फुगवटा नाही. बरं, बारक्या तरी चिडावा! तोही नाही. "या दादा, बसा दादा, तुमची नजर पडली म्हणजे बरं वाटतं," असं म्हणून खुर्ची पुसून पुढे करायचा. त्या नम्रपणानं तर दादांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

एकदा लेक त्यांच्यादेखत बारक्याला ओरडली. स्वयंपाकघरातला कट्टा तिच्या उंचीला ठेंगणा झाला होता. "कमरेचे तुकडे पडतील माझ्या, काका! माप लिहून दिलं होतं ना?" बारक्या कान धरून हसला आणि म्हणाला, "उद्याच्या उद्या चढवतो, ताई." लेक चार मिनिटं बडबडली आणि पाचव्या मिनिटाला दोघं कपाटाच्या रंगाविषयी बोलायला लागली. दादा दारात उभे होते. त्यांना त्या ओरडण्याचासुद्धा हेवा वाटला. आपल्याशी लेक असं मोकळं शेवटचं कधी भांडली होती, ते त्यांना आठवेना.

मग आला सुट्टीचा दिवस. आदल्या दिवशी वरच्या गच्चीवर फरशी बसवून झाली होती, सांधे भरायचे होते, कारागीर घरी गेलेले. दादा सकाळीच उठले, पेटीतून नळी काढली आणि बायकोला म्हणाले, "चल, तुझी खोली बघून येऊ."

"नळी कशाला?"

"असू दे."

गच्ची नव्या सिमेंटच्या वासानं भरली होती. एका टोकाला खोलीचं दार, दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात कठड्याखाली पाणी जायचा पाइप. उतार दाराकडून पाइपाकडे हवा. उलटा असला तर पहिल्याच पावसाला पाणी खोलीत, पलंगाखाली. सांधे अजून उघडे असल्यामुळे बादली ओतून बघायची सोय नव्हती. म्हणून नळी.

नळी भरायची एक रीत असते. बादली उंच ठेवायची, पाणी सावकाश ओढून घ्यायचं, मग दोन्ही तोंडं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते बघायचं, आणि मगच मापाला लागायचं. ही रीत दादांनी शंभर जणांना शिकवली होती. जो घाई करेल त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. त्या दिवशी दादांनी नळीचं तोंड सरळ नळाला लावलं, तोटी भसकन सोडली, आणि पाणी दुसऱ्या टोकानं बाहेर आल्याबरोबर गच्चीवर धावले. चूक हुंगत निघालेल्या माणसाला धीर कुठला!

बायकोला त्यांनी दाराशी उभं केलं. भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. "या खुणेला पाणी टेकव. अंगठा काढ तोंडावरून! श्वास कोंडतो नळीचा."

"काढला. अहो, पण इथं मधेच काहीतरी रिकामं दिसतंय."

"तू नळी धर. डोकं मी चालवतो."

"नेहमीसारखंच," बायको म्हणाली आणि नळी धरून उभी राहिली.

दादा कोपऱ्यात गेले, कठड्याला नळी लावली, पाणी थांबलं तिथं खूण केली, दोन्हीकडून फरशीपर्यंत टेप लावली. आणि एकदम ताठ उभे राहिले. पाइपाकडची बाजू बोटभर वर! उतार उलटा! गच्ची सगळी खोलीकडे कललेली!

वाईट वाटलं असेल म्हणता? छे! इतका आनंद त्यांना जावई पसंत पडला तेव्हाही झाला नव्हता. "बारकूशेठ!" ते स्वतःशीच म्हणाले. "हिरवी रेघ म्हणे!"

लेक जवळच राहत होती. फोन गेल्यावर पंधरा मिनिटांत जावयाला घेऊन वर आली. दादांनी टेप दाखवली, खुणा दाखवल्या, पाणी कसं वाहत खोलीत शिरेल ते हातवारे करून दाखवलं. लेकीचा चेहरा उतरला. जावई म्हणाला, "बारकूकाकांना बोलावून विचारू या ना आधी."

"विचारायचं काय त्यात? खालचा माल अजून कच्चा आहे. आज उखडली तर निघेल, उद्या दगड होईल." आणि कुणी पुढे यायच्या आत दादांनी कारागिरांचा तिथंच पडलेला हातोडा उचलला आणि दाराजवळच्या ओळीवर घातला. खाड! खाड! खाड! चार फरश्यांचा चुरा झाला. लेकीनं कानांवर हात ठेवले.

जावयाचा फोन गेल्यावर बारक्या धापा टाकत वर आला तेव्हा दादा फुटक्या फरश्यांच्या मध्ये उभे होते. लेक त्याच्यावर तुटून पडली. "काका, एवढा विश्वास टाकला तुमच्यावर! आईबाबांची खोली आहे ती!"

बारक्यानं फुटक्या फरश्या पाहिल्या. खुणा पाहिल्या. मग खाली पडलेली नळी उचलली, तिची दोन्ही तोंडं शेजारी शेजारी धरली आणि डोळ्यांसमोर आणली. एका तोंडात पाणी वर, दुसऱ्यात तीन बोटं खाली. त्यानं वरच्या पाण्याखालून बोट फिरवत नेलं. हातभर खाली नळीत एक बुडबुडा अडकून बसला होता, चांगला तीन बोटं लांब.

दादांनी तो पाहिला. हवा असलेल्या बाजूला पाणी वर चढतं, हे बारक्याला कुणी शिकवलं होतं? दादांनी. दोन्ही तोंडं जुळवून बघायचं कुणी शिकवलं होतं? दादांनी. गच्चीवर पाच माणसं होती, पण हा बुडबुडा काय सांगतोय ते कळत होतं फक्त दोघांना.

बारक्यानं दादांकडे बघितलं. क्षणभरच. मग टिचकी मारून बुडबुडा वर घालवला, नळी शांतपणे गुंडाळली आणि लेकीला म्हणाला, "चूक माझी, ताई. दादांचं माप बरोबर आहे. उद्या सगळं नीट करून देतो."

झालं! दादांना हवं होतं ते सगळं एका वाक्यात त्यांच्या पदरात पडलं. लेक वळली, डोळ्यांत पाणी. "बाबा, माझंच चुकलं. काम तुम्हालाच द्यायला हवं होतं. इथून पुढचं घर तुम्हीच पुरं करा."

हेच शब्द ऐकायला किती महिने कान टवकारून बसले होते दादा! तोंड बंद ठेवलं असतं तर घर त्यांचं होतं. झाकली मूठ होती, उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. बारक्या तर बोलणारच नव्हता.

पण बारक्याचं ते वाक्य दादांच्या कानात रुतून बसलं होतं. चूक माझी. ज्याची साइट त्याची चूक. आपल्या कारागिराला मालकाच्या तोंडी द्यायचं नाही. म्हणजे? म्हणजे साइट बारक्याची, मालकीण ही पोरगी, आणि दादा कोण? बारक्याचा कारागीर! बारक्या त्यांना पाठीशी घालत होता, दादांनी कधी काळी त्या लटलटणाऱ्या पोराला घातलं होतं तसं. गिऱ्हाइकं घेतलीस, नाव घेतलंस, लेकीचं ओरडणं घेतलंस, आणि आता माझी चूकसुद्धा घेतोस? तीही तूच मोठ्या मनानं मिरवणार?

"थांब!" दादा गरजले. "तुझी चूक? तुझी कुठली चूक? उतार बरोबर आहे तुझा! नळीत बुडबुडा होता. मी भरली नळी. मी घाई केली. मी फोडल्या फरश्या. चूक माझी आहे, माझी! माझी चूक घेणारा तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

लेकीनं फुटक्या फरश्यांकडे पाहिलं.

"दादा, मी फक्त..." बारक्या म्हणाला.

"गप्प बस!"

"बाबा," लेक म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "म्हणजे तुम्ही माझी चांगली गच्ची फोडलीत?"

आणि मग ती जी सुटली! गेल्या कितीतरी वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. विचारायच्या आत हातोडा का उचललात, आठवड्यातून तीनदा येऊन भिंतींना गाल काय घासता, माझ्या घरात चूक निघावी म्हणून टपून बसलेला माणूस माझा बाप कसा, शाळेत असताना माझ्या वहीवरच्या रेघासुद्धा तुम्हाला वाकड्या दिसायच्या, कधी एकदा तरी 'छान' म्हणालात का! दादा खाली मान घालून उभे होते. गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे तसेच, हात पुढे बांधून. पोरगी शब्दन् शब्द खरं बोलत होती.

ती दमल्यावर बायको म्हणाली, "मोजता येईना, गच्ची वाकडी. मी सांगत होते काहीतरी रिकामं दिसतंय." मग लेकीकडे वळून म्हणाली, "आणि तू गं? बापाला बोलता येणार नाही म्हणून काम बाहेर दिलंस ना? आलं की बोलता! चांगलं घसघशीत आलं."

जावयाला हसू आवरेना. तो तोंड फिरवून कठड्यावरून खाली रस्ता बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी दादा पेटी घेऊन हजर झाले. बारक्या काही बोलायच्या आत फुटक्या जागेवर गुडघे टेकून बसले आणि कच्चा माल खरवडायला लागले. "चार फरश्या मी बसवणार. तू तुझं खेळणं लाव." बारक्यानं यंत्र लावलं. हिरवी रेघ दादांच्या हातांवरून गेली. दादांनी पुटपुटत पुटपुटत फरश्या त्या रेघेला टेकवल्या. एकदाही ओळंबा काढला नाही. त्या रेघेची भारी चीड येत होती आणि डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

सांधे भरून वाळल्यावर लेकीनं स्वतः बादली भरून आणली आणि दाराशी ओतली. सगळे वाकून बघत उभे. पाणी दादांच्या चार फरश्यांवरून सरकलं, बारक्याच्या फरश्यांवरून पसरलं, कोपऱ्यात गोळा झालं आणि गुडगुड करत पाइपात गेलं. दाराशी थेंब राहिला नाही.

"सुरेख, काका!" लेक म्हणाली. दादांच्या पोटात पुन्हा कळ आली. जित्याची खोड, ती काय एका बुडबुड्यानं जाणार? ते पेटी उचलून निघाले.

"बाबा, थांबा." लेक दाराजवळ उकिडवी बसली होती आणि बोटांनी फरशी ठोकत होती. कपाळाला आठी. "ही तुमची ना? पोकळ वाजतेय. खाली माल कमी पडलाय. हे असलं काम चालणार नाही मला."

दादांनी पेटी खाली ठेवली. जवळ गेले, गुडघ्यावर बसले, थापीच्या मुठीनं फरशी ठोकली. खरंच पोकळ वाजत होती. लेक त्यांच्याकडे रोखून बघत होती, ठेंगण्या कट्ट्यासाठी बारक्याकडे बघत होती अगदी तश्शी.

मागून बारक्या दोन पावलं पुढे आला आणि त्यानं बोलायला तोंड उघडलं.

"एक अक्षर बोललास तर बघ," दादा मान न वळवता म्हणाले. "ही माझी आहे." मग त्यांनी पेटीतून छिन्नी काढली आणि लेकीला विचारलं, "बोला ताई, कधीपर्यंत करून हवी?"